अल्फावर काय चाललंय?

आमची आत्या रोज संध्याकाळी अल्फा लावते. वास्तविक अल्फा मराठी 1999 च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाली आणि 2005 च्या मार्चमध्ये तिची झी मराठी झाली. म्हणजे अल्फा जगली जेमतेम साडेपाच वर्षं आणि तिला जाऊन वीस वर्षं उलटली. दरम्यान आत्याकडचा पोट सुटलेला टीव्ही जाऊन भिंतीला चिकटलेला आला आणि ज्यांच्यासाठी ती अल्फा लावायची त्या नायिका आता सासूच्या भूमिकेत पदर खोचून उभ्या असतात. "अल्फावर काय चाललंय?" हा प्रश्न मात्र जागचा हललेला नाही.

तिच्या धाकट्या जाऊबाईंचा जीव ईटीव्हीत. ईटीव्ही मराठी 2000 च्या जुलैत आली आणि 2015 च्या मार्चमध्ये कलर्स मराठी झाली. पण जाऊबाईंना कलर्स म्हटलं की नातवाची खडूची पेटी आठवते. परवा त्या आत्याला सांगत होत्या, "ताई, काल ईटीव्हीवर काही राम नव्हता, मग मी अल्फा लावलं." या वाक्यातल्या दोन्ही वाहिन्या अस्तित्वात नाहीत आणि वाक्य शंभर टक्के खरं आहे.

वाहिनीचं नाव बदलणं आणि लग्नात मुलीचं नाव बदलणं यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. सासरी आठ दिवस कौतुकाने नव्या नावाने हाक मारतात आणि मग "अगं"वर येतात. माहेरी तर कुणी दखलच घेत नाही; तिथली बेबी पंच्याहत्तरीतही बेबीच. 'स्टार' हे नाव वापरण्याचा करार संपला आणि 1 जून 2012 ला स्टार माझाचं एबीपी माझा झालं. आयबीएन लोकमतचं 2017 मध्ये न्यूज18 लोकमत झालं. दोघांनीही माहेरचं अर्धं नाव राखून ठेवलं. ईटीव्हीचं तर घराणंच बदललं. हैदराबादच्या रामोजी रावांचं घर सुटलं, मग नाव कसं राहणार? अल्फाच्या बाबतीत मात्र सासर-माहेर एकच. झीच्याच घरात अल्फा मराठी, अल्फा बांगला, अल्फा गुजराती, अल्फा पंजाबी अशा बहिणी नांदत होत्या. 2005 मध्ये वडिलांच्या मनात आलं, मुलींनी आता आपलं नाव लावावं. एवढंच झालं. आणि एवढंच आत्याला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

नाव बदललं की लोगो बदलतो, पण नाव न बदलताही लोगो बदलतो. वाहिनीला दहा वर्षं झाली, लोगो बदला. पंचवीस झाली, बदला. टीआरपी पडला, बदला. टीआरपी वाढला तर वाढलेल्या टीआरपीला शोभेसा करा. नवीन साहेब आले असतील तर विचारायलाच नको. नव्या साहेबांना मालिका बदलता येत नाही, कारण तिचे पुढचे भाग शूट होऊन पडलेले असतात. नायिका बदलता येत नाही, कारण तिच्या नावाने जाहिराती येतात. हाताशी राहतो लोगो.

लोगोच्या आगमनाची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. आधी अंधार. मग उजेडाचे कण. ते कण वाऱ्यावर गिरक्या घेत एका नऊवारीतल्या बाईच्या पदरावरून घसरतात, ढोल-ताशाच्या टिपरीवर उसळतात, भाताच्या खाचरावरून, एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावरून, हसणाऱ्या बोळक्या आजीच्या गालावरून आणि मेट्रोत उभ्या असलेल्या, लॅपटॉपची बॅग अडकवलेल्या मुलीच्या केसांतून जातात. (आजी गावची आणि मुलगी शहरातली, हा नियम कडक आहे. आजी मेट्रोत आणि मुलगी खाचरात असं अजून तरी पाहिलेलं नाही.) शेवटी सगळे कण एकत्र येतात, धप्पकन आवाज होतो आणि लोगो प्रकट होतो. त्या पाठोपाठ 'नवं रूप, नवा साज'. आणि त्या पाठोपाठ कालचीच मालिका कालच्याच जागी पुढे सुरू होते. काल दाराआड उभी राहून ऐकणारी काकू आजही दाराआडच असते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं, की आपण आता नव्या रूपात आहोत.

लोगोबरोबर घोषवाक्यही येतं. सोनी मराठी 2018 मध्ये आली ती 'विणूया अतूट नाती' म्हणत. मला त्यात वावगं काही वाटत नाही, फक्त मराठी मालिकांच्या धंद्यात हे वाक्य धाडसाचं आहे. नाती अतूट राहिली तर साडेसात ते साडेदहा करायचं काय? एबीपी माझाचं 'उघडा डोळे, बघा नीट' हे मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण आजच्या बातम्यांच्या पडद्यावर बातमी कुठे आहे हे डोळे उघडून नीट बघितल्याशिवाय खरोखरच सापडत नाही. त्याकडे शेवटी येतो.

बदललेला लोगो आणि जुना लोगो शेजारी ठेवले तर फरक काय असतो? पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे लोगो फुगीर असायचे. काचेचे, सोन्याचे, चकाकणारे. दर अर्ध्या मिनिटाने स्वतःभोवती फिरायचे आणि फिरताना एक उजेडाची तिरीप वरून खाली सरकायची. मग लोक मोबाईलवर मालिका बघायला लागले. बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात ती काच आणि ते सोनं ओळखू येईना. तेव्हा सगळ्यांनी आपापले लोगो इस्त्री करून सपाट केले, सावल्या काढल्या, अक्षरांचे कोपरे घासले. झालं नवं रूप. एखादा तिरका फराटा राहिलाच तर त्याला 'झेप' म्हणतात आणि गोलाला 'आपलं विश्व'. सणावाराला या सपाट लोगोला पुन्हा नटवतात. गुढीपाडव्याला तो फेटा घालतो, पंधरा ऑगस्टला तिरंगा होतो, गणपतीत जास्वंद लावतो. आमच्या सोसायटीतल्या पोरांना फॅन्सी ड्रेसची कल्पना मी अनेकदा तिथूनच पुरवली आहे.

खरी कला बघायची तर मोठ्या वाहिन्या सोडून तालुक्याच्या केबल चॅनलकडे वळलं पाहिजे. आमच्या गावच्या चॅनलचं नाव सांगत नाही, कारण वायर त्यांच्या हातात आहे. त्याचा पहिला लोगो गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याने केला. जो माणूस नवरा-नवरीचे फोटो फिरत्या बदामात घालतो त्याने बदामाच्या जागी पृथ्वी घातली, भोवती ज्वाळेचं कडं फिरवलं आणि वर सोनेरी अक्षरांत चॅनलचं नाव. सगळं झकास होतं. फक्त पृथ्वी उलटी फिरत होती. हायस्कुलातल्या भूगोलाच्या सरांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून ही गोष्ट नजरेस आणून दिली. चॅनलने नम्रपणे उत्तर दिलं, "सर, टेम्प्लेटमध्येच तशी येते." त्यावर सरांकडेही बोलण्यासारखं काही उरलं नाही. पुढली कित्येक वर्षं आमच्या तालुक्यापुरता सूर्य पश्चिमेला उगवत राहिला.

नंतर चॅनलच्या मालकांना राजकारणाची ओढ लागली आणि लोगोला रंग चढायला लागले. नगरपालिकेच्या एका निवडणुकीला ज्वाळा भगवी होती. पुढच्या खेपेला मालक आघाडीत गेले तेव्हा तिच्यात तीन रंग आले. एकदा तिकीट कापलं गेलं त्या वर्षी ज्वाळाच गेली, नुसती पृथ्वी राहिली. सध्या बोलणी कुठवर आलीत हे कळायला मार्ग नाही, म्हणून कडं तूर्त सोनेरी ठेवलं आहे. गावातले जाणते लोक पेपर वाचायच्या आधी चॅनल लावून कडं बघून घेतात.

याच चॅनलच्या तळाशी एक पट्टी सरकत असते. तिच्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रिया विधी, 'काळ्या रंगाची शेळी हरवली आहे', 'पाइल्सवर खात्रीशीर इलाज' असं सगळं एका रांगेत, कुणाचा मान-अपमान न ठेवता जात असतं. आणि मधूनच येतं: 'उद्या पाणी येणार नाही.' या एका ओळीसाठी अख्खा गाव ते चॅनल लावतो. लोगो उलटा फिरो की सुलटा, भगवा असो की सोनेरी, बायका म्हणतात, "पाण्याचं चॅनल लाव रे." मालकांनी नाव बदलून बघितलं, ज्वाळा काढून बघितली, गावाने ठेवलेलं नाव काही गेलं नाही.

मग हे लोगो बघतं तरी कोण? टीआरपी मोजणारं यंत्र बघत असेल, अशी माझी समजूत होती. तसंही नाही. 2015 पासून बार्क ही संस्था जी मोजणी करते, तिच्यात वाहिनीच्या आवाजातच माणसाच्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते आणि घरातलं यंत्र ती खूण ऐकून वाहिनी ओळखतं. म्हणजे यंत्र कानाने ओळखतं, आत्या मालिकेवरून ओळखते आणि माझा मेव्हणा रिमोटवरच्या नंबरावरून. 2019 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायचा हुकूम लागू झाला, की आपल्याला हव्या त्या वाहिन्या ज्याने त्याने निवडाव्यात. शंभर वाहिन्यांना तेव्हा 130 रुपये अधिक कर, आणि पैसे पडणाऱ्या वाहिन्यांचे निराळे. केबलवाल्याचा पोरगा लोगो छापलेला कागद घेऊन आत्याकडे आला. एवढे सगळे लोगो एका पानावर, तेही रंगीत! आत्याने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत कागद वाचला आणि परत केला. "यात अल्फा नाही," ती म्हणाली.

त्या कागदावर एक लोगो असा होता, की तो न निवडताही पदरात पडत होता. दूरदर्शनचा डोळा. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलवाल्याला 1995 च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यांतली मराठी सह्याद्री तुम्ही मागा, न मागा, ती घरात येतेच.

आणि या डोळ्याची गंमत अशी, की इतक्या घालमेलीत टिकला तो हाच. 1 एप्रिल 1976 ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं निघालं. वेगळी चूल मांडली की वेगळी पाटी लागते. काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे आलं. विकास सातवळेकर तिथे शिकवत होते. त्यांच्या देबाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने एका गोळ्याभोवती दोन वळणदार रेघा काढल्या. विद्यार्थ्यांची आठ आणि शिक्षकांची सहा अशी चौदा चित्रं इंदिरा गांधींसमोर गेली, असं सांगतात, आणि त्यांनी या पोराच्या चित्रावर बोट ठेवलं. शिक्षकांची सहाही चित्रं मागे पडली, हे वाचून मला विद्यार्थ्यापेक्षा स्टाफरूमची आठवण जास्त झाली. पुढे त्याच संस्थेतल्या आर. एल. मिस्त्रींनी चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, त्या फिरवत फिरवत तो डोळा उघडवला. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी धून बांधली. कॉम्प्युटर नाही, उजेडाचे कण नाहीत, मेट्रोतली मुलगी नाही. तरी आज पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, तो तोंडाने ती धून वाजवून हाताने डोळा फिरवून दाखवेल.

मुंबई केंद्र या डोळ्याहूनही जुनं. 2 ऑक्टोबर 1972 ला वरळीहून ते सुरू झालं. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे तिथे बातम्या वाचत. 'गजरा' आणि 'चिमणराव' तिथलेच. लोक त्याला 'मुंबई दूरदर्शन' म्हणत नसत, नुसतं 'टीव्ही' म्हणत, कारण दुसरं काही नव्हतंच. कार्यक्रम मध्येच तुटला की 'व्यत्यय' अशी पाटी येई. ती इतका वेळ आणि इतक्या निष्ठेने पडद्यावर असे, की आमच्या पिढीला केंद्राचा खरा लोगो तोच वाटायचा. डोळा म्हणजे आता सुरू होणार, व्यत्यय म्हणजे आता चहा टाकायला हरकत नाही.

नावं मात्र या केंद्राचीही बदलली. 1994 मध्ये उपग्रहावरून मराठी वाहिनी निघाली तेव्हा दिल्लीने भाषांना नंबर वाटले. मल्याळमला चार, तमिळला पाच, मग ओडिया, बंगाली, तेलुगू. नऊ नंबर कन्नडला आणि दहा आपल्याला. कानडी आपल्या एक घर पुढे बसली आहे, हे त्या वेळी बेळगावात कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून निभावलं. 5 एप्रिल 2000 ला 'डीडी सह्याद्री' हे नाव आलं आणि नंबराची गोष्ट मिटली. दूरदर्शनला डोंगरांची आवड भारी. गुजरातीला गिरनार, तमिळला 2024 पर्यंत पोदिगै, तेलुगूला सप्तगिरी, आपल्याला सह्याद्री. तसे त्यांचे मनोरेही डोंगरावरच असतात. पुण्याचा सिंहगडावर आहे. ज्या डोंगराने सिग्नल दिला, त्याचं नाव लावलं.

इतकं झालं तरी डोळा शाबूत. 2017 मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला वाटलं, तरुण प्रेक्षकांसाठी लोगो बदलावा. स्पर्धा जाहीर झाली, लाखाचं बक्षीस लागलं, हजारांनी चित्रं आली. डोळा तरीही डोळाच आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये डीडी न्यूजचा लाल लोगो केशरी झाला तेव्हा चार दिवस इतकी चर्चा झाली, की बातम्यांच्या त्या वाहिनीला स्वतःच्या बातम्यांनी इतकं नाव कधी मिळालं नसेल. लोगो सगळ्यांना पाठ, धून सगळ्यांना पाठ, आणि वाहिनी कोण लावतं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. ब्रँडिंगच्या शाळेत शिकवतात ते सगळं दूरदर्शनने पैकीच्या पैकी मार्कांनी साधलं आहे. राहिलं काय, तर प्रेक्षक.

लोगोची सगळ्यात जोरदार लढाई मात्र पडद्याच्या कोपऱ्यात होत नाही, ती पुढाऱ्याच्या हनुवटीखाली होते. माइकवर जो चौकोनी ठोकळा असतो त्याला वार्ताहर 'बूम' म्हणतात. मंत्री बोलायला उभे राहिले की समोर बुमांचा ढीग लागतो. मंत्र्यांनी 'शेतकऱ्यांच्या पाठीशी' म्हणायचा अवकाश, बाजूने एक हात हळूच पडद्यात शिरतो, आपला बूम अर्धा इंच वळवतो, लोगो कॅमेऱ्यासमोर आला याची खात्री करतो आणि मागे जातो. लगेच दुसरा हात येतो. मंत्री काय म्हणाले, हे मला अनेकदा आठवत नाही; हात आठवतात.

तालुक्याला तर एकच वार्ताहर दोन-तीन वाहिन्यांना बातम्या पुरवतो. मोटारसायकलच्या डिकीत माइक एक आणि ठोकळे अनेक. साखर कारखान्याच्या गेटवर मी अशाच एकाला बघितलं. आंदोलनाच्या नेत्याला त्याने सांगितलं, "भाऊ, जरा तेच पुन्हा बोला," ठोकळा बदलला, रेकॉर्ड केलं. पुन्हा "भाऊ, एकदाच," पुन्हा ठोकळा. नेते पट्टीचे. तिसऱ्या खेपेलाही त्यांचा संताप पहिल्या खेपेइतकाच ताजा होता, फक्त इथेनॉलवरचा एक मुद्दा वाढला. मुंबईत नव्या लोगोचा सोहळा होतो तेव्हा त्याचा नवा ठोकळा कुरियरने यायचा असतो. तो येईपर्यंत वाहिनीच्या कोपऱ्यात नवं रूप आणि नेत्याच्या हनुवटीखाली जुनं, असा कारभार चालतो. या वार्ताहराने तर जुन्या ठोकळ्यावर पांढरी चिकटपट्टी लावून स्केचपेनने नवं नाव लिहिलं होतं. अक्षर सुरेख होतं. मला तो लोगो आवडला.

आता पडद्यावर उरलेली जागा मोजा. उजवीकडे वर लोगो, शेजारी 'एचडी'. डावीकडे वर घड्याळ आणि 'सर्वांत आधी', जे सगळ्याच वाहिन्यांवर एकाच वेळी असतं. खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी, तिच्याखाली शेअर बाजार. मध्येच डावीकडून आणि खालून सिमेंटची जाहिरात घुसते आणि सगळ्या चित्राला कोपऱ्यात रेटते. मालिकेवर पुढच्या मालिकेचं नाव नाचत येतं, बऱ्याचदा नेमकं कुणीतरी मरत असताना.

तेव्हा तमाम वाहिन्यांच्या साहेबांना एक विनंती. लोगो गोल करा, सपाट करा, फेटा बांधा, वर्षाला दोनदा बदला. आमची काही हरकत नाही, आम्ही तसंही जुन्याच नावाने हाक मारणार आहोत. फक्त बोलणाऱ्याचं तोंड दिसेल एवढी जागा पडद्यावर मोकळी सोडा. आणि उद्या पाणी येणार नसेल, तर ते जरा मोठ्या अक्षरांत सांगा.